लवूने पकडलेला चोर

चिंचपोकळीच्या ज्या चाळीत लवू पेडणेकर राहतो, तिथे त्याला सगळे 'सर' म्हणतात. का म्हणतात ते लवूला ठाऊक आहे, आणि आपण ते का चालू दिलं तेही ठाऊक आहे. परळच्या बाजूला एका विद्यापीठाचा गणित विभाग आहे. लवू तिथे नोकरीला. कुणी विचारलं की तो सांगायचा, "गणित विभागात असतो." हे खरंच होतं. त्या विभागात दोन शिपाई होते, एक माळी होता, जिन्याखाली झोपणारा एक बोकाही होता. तेही सगळे गणित विभागातच असायचे. पुढचं वाक्य समोरच्याने आपल्या मनाने पुरं केलं, तर त्यात आपला काय दोष, असं लवू स्वतःला सांगायचा. सांगताना त्याला आतून हसू यायचं, पण 'सर' ऐकायला गोड लागायचं हेही तितकंच खरं.

गणिताशी त्याचं नातं तसं जुनं, पण प्रेमाचं नव्हे. बारावीला गणिताने त्याला कसंबसं आत घेतलं, तेही ग्रेस मार्कांनी मागून ढकलल्यावर. मग त्याने कॉम्प्युटरचा एक क्लास केला आणि विभागाच्या लॅबमध्ये वायरी जोडायला, प्रिंटरच्या पोटात अडकलेला कागद ओढायला तो रुजू झाला. पुढे सगळं जग घरात कोंडून बसलं, त्या वर्षी विभागात ऑनलाइन गृहपाठाची सिस्टिम आली. प्राध्यापक मोठे विद्वान, पण पासवर्ड विसरण्यात त्याहून मोठे. त्यांना रोज नवा पासवर्ड देण्याएवढी सोशिकता एकट्या लवूकडे निघाली. दारात नवीन म्हैस आली की पहिल्या दिवशी तिला पाणी कोण दाखवतो याकडे घरातले सगळे बघत असतात, आणि मग जन्मभर तेच काम त्याच्याकडे राहतं. तसं झालं. सिस्टिम लवूच्या गळ्यात पडली, आणि लवूने ती हारासारखी मिरवली.

तशी ती होतीच मिरवण्यासारखी. गणित सगळ्यांना एकच, पण आकडे प्रत्येकाला वेगळे. रामूला चोवीस आला, तर मनूला छत्तीस. शेजाऱ्याचं उत्तर उतरवून घेण्यात काही अर्थच नाही. उत्तर टाकलं की तिथल्या तिथे निकाल: बरोबर असलं तर हिरवी पट्टी, चुकलं तर लाल. एका गणिताला पाच संधी. पोरांची नावं चढवणं, मुदती लावणं, मुदती वाढवणं आणि पोरांच्या तक्रारींना उत्तरं देणं, हे लवूचं काम. पोरं त्याला पासवर्डकाका म्हणायची. उत्तरांसाठी त्याने तीन तयार मजकूर करून ठेवले होते. पहिला, 'पान पुन्हा उघडून पाहा.' दुसरा, 'मुदत संपली आहे.' आणि तिसरा, 'सिस्टिम चुकत नाही. कृपया आपलं काम पुन्हा तपासा.' हा तिसरा त्याने एका संध्याकाळी बसून, शब्द इकडचे तिकडे करत, देवाची आरती जुळवावी तसा जुळवला होता.

रोज सगळ्या वर्गांची गणितं डोळ्यांखालून जायची. हळूहळू लवूला वाटू लागलं की आपल्यालाही गणित येतं. देवळाच्या पायरीवर चपला सांभाळणाऱ्याला एखाद्या दिवशी वाटावं की आपणही पूजा सांगू शकू, तसं.

विभागाच्या प्रमुख देविका धैर्यवान मॅडम. गिरगावातल्या जुन्या घराण्यातल्या, बोलणं मोजकं, आणि बोलण्याआधी चष्मा पुसायची सवय. त्यांच्या मीटिंगमध्ये एकदा लवूने स्वतःहून हात वर केला. काही मुलं दुसऱ्याकडून गृहपाठ करून घेतात, हे सगळ्यांनाच माहीत होतं. लवू म्हणाला, "मॅडम, पकडता येईल. पोरगं रोज ज्या मोबाइलवरून, ज्या मशीनवरून करतं, ते सोडून भलतीकडूनच झपाझप उत्तरं आली, की त्याचं नाव लाल यादीत घालायचं. दर सोमवारी यादीचा मेल तुम्हाला जाईल. मला पण येईल." मॅडमनी चष्मा पुसला. नियम ठरला. चोरी सिद्ध झाली तर त्या मुलाचे गृहपाठाचे सगळे मार्क शून्य, आणि गृहपाठाचे मार्क नाहीत तर सत्राच्या परीक्षेला बसता येणार नाही. प्राध्यापकांनी टेबलावर बोटं वाजवली. लवूच्या कानात तो आवाज घरी पोचेपर्यंत ढोलासारखा घुमत होता.

पुढे महिने गेले. लाल यादी रिकामीच येत राहिली. लवूला वाईट वाटायचं. गळ टाकून बसावं आणि पाण्यावर साधा बुडबुडाही उठू नये, तसं.

एका शुक्रवारी प्रथम वर्षातल्या जुई नवलकरची तक्रार आली. एका गणिताचं चित्र तिला दिसत नव्हतं. अशा वेळी लवूला एक वाट मोकळी असे. तो कुठल्याही विद्यार्थ्याच्या नावाने आत शिरू शके, म्हणजे ते पोर जे बघतं तेच त्याला दिसे. शिरल्यावर वर एक पिवळी ओळ येई: 'आपण सध्या जुई नवलकर यांच्या नावाने काम करत आहात.' दिवसातून कितीतरी पोरांच्या नावाने तो असा आत-बाहेर करी. ती ओळ त्याला दिसायची कधीच बंद झाली होती, आपल्याच नाकावरचा चष्मा आपल्याला दिसत नाही तशी.

चित्र व्यवस्थित दिसत होतं. काम तिथेच संपलं होतं. उठून पाणी प्यायला जायचं, एवढंच उरलं होतं. पण लवूची नजर गणितावर पडली.

तीस सेंटिमीटर बाजूचा चौकोनी पत्रा. चारही कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापायचे, कडा वर दुमडायच्या, उघडा डबा तयार. केवढा चौकोन कापला तर डब्यात जास्तीत जास्त मावेल?

"डबा!" लवू स्वतःशीच म्हणाला. त्याच्या चाळीच्या तळमजल्यावर आनंदा नावाच्या शेजाऱ्याचा पत्र्याच्या डब्यांचा कारखाना. लहानपणापासून लवू त्या ठोकाठोकीच्या आवाजात झोपला आणि त्याच आवाजात उठला. डबा म्हणजे घरचा विषय! एवढ्यासाठी पोरं तक्रारी करतात?

त्याने बाह्या वर केल्या. तीसचे तीन सारखे भाग, दहा. लांबी, रुंदी, उंची सगळं दहा. किती देखणा डबा! त्याने दहा टाकले. लाल.

लवू खुर्चीत जरा पुढे सरकला. मग चौथा हिस्सा, साडेसात. लाल.

मग त्याला आजोळच्या भाताच्या सुपाची आठवण झाली. पसरट असलं की मावतं जास्त. दोन. लाल.

आता त्याचे कान गरम झाले. पडद्यावर दोन बटणं होती. 'तपासा' हे पोरांना न दिसणारं, विभागाच्या माणसांपुरतं बटण चूक की बरोबर ते गुपचूप सांगे आणि कुठे नोंद ठेवत नसे. दुसरं 'सादर करा.' लवू सुरुवातीपासून दुसरंच दाबत होता, कारण पहिल्याला पट्टी येत नाही, आणि लवूला हिरवी पट्टी हवी होती. त्याने कॅल्क्युलेटर काढला, जो पहिल्या उत्तराआधी काढायला हवा होता. सहा कापले तर एकोणीसशे चव्वेचाळीस घन सेंटिमीटर मावतं. झकास. सहा. लाल. चार करून बघितलं तर एकोणीसशे छत्तीस. म्हणजे चार आणि सहाच्या मध्ये कुठेतरी टेकडीचा माथा आहे. पाच! दोन हजार बरोबर. त्याने पाच टाकले.

हिरवी पट्टी आली. भाताच्या खाचरासारखी हिरवीगार.

लवूने आजूबाजूला पाहिलं. बघायला कोणी नव्हतं. जुईला पहिला तयार मजकूर पाठवून तो खाली उतरला आणि चहा प्यायला, तोही स्पेशल. घरी चालत जाताना लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपाशी मिरच्या कांडत होत्या. शिंकांवर शिंका येत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तशाही अवस्थेत लवू छाती काढून चालत होता. चाळीच्या दारात आनंदा भेटला.

"आनंदा, तीसचा पत्रा असला की कोपरा पाचच कापायचा. जास्त नाय, कमी नाय."

"वा, सर!" आनंदा म्हणाला. "माझ्या पोरीला पण बसवा ना कधी गणिताला."

"बघू," लवू म्हणाला. "सध्या लोड फार आहे."

रविवारी सीमा, म्हणजे लवूची बायको, मोरीत बांगडे साफ करत होती आणि लवू दारात बसून मोबाइलवर तक्रारी निपटत होता. जुई नवलकरचा दुसरा मेसेज आला होता. 'सर, हे गणित मी अजून केलंच नाही. पण पाचही चान्स संपलेले दाखवतंय, आणि उत्तर बरोबर. प्लीज बघा ना.' लवूला शुक्रवारचा डबा लख्ख आठवत होता. तो कोणाच्या नावाने केला, ते मात्र त्याच्या डोक्यात आलंच नाही. त्याने तिसरा मजकूर पाठवला: सिस्टिम चुकत नाही. वर पदरची भर घातली: 'आपला पासवर्ड इतर कोणास दिला आहे काय?' 'कोणास' हा शब्द त्याला फार आवडला.

सोमवारी सकाळी लाल यादी आली, आणि तीत एक नाव होतं. जुई नवलकर. पाच उत्तरं, झपाझप, अनोळखी मशीनवरून. लवू मेल घेऊन जवळजवळ धावतच मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

"मॅडम, पकडला!"

"पकडली," मॅडम मेल बघत म्हणाल्या. "नवलकर. वर्गात तर नीट असते ही मुलगी. मशीन कोणाचं आहे?"

"विभागातलंच, मॅडम. नंबर सतरा. आज शोधतोच. आतलं कोणीतरी सामील आहे."

"शोधा. दुपारी तिला बोलावते. खरं निघालं तर परीक्षेला बसता येणार नाही तिला. नियम म्हणजे नियम."

"नियम म्हणजे नियम," लवू म्हणाला. नियम त्याचाच होता.

विभागातल्या प्रत्येक मशीनवर नंबराची चिठ्ठी लवूनेच स्वतःच्या हाताने चिकटवलेली होती. पण मशीनं इकडची तिकडे झाली होती, चिठ्ठ्या मागे भिंतीकडे वळल्या होत्या. मोबाइलचा उजेड लावून लवू लॅबमधल्या टेबलांखाली रांगू लागला. मुलं पाय वर घेऊन बसली.

"काका, काय हरवलं?"

"चोर."

"चोर टेबलाखाली?"

"तू तुझं कर."

गुडघ्यांना धूळ लागली, डोक्याला टेबल लागलं. लॅब झाली, वाचनालय झालं, प्राध्यापकांची खोली झाली. शंतनु सर नावाचे एक तरुण प्राध्यापक होते, त्यांच्या मशीनकडे लवूने बराच वेळ संशयाने पाहिलं, कारण ते कधी लवूच्या विनोदाला हसत नसत. त्यावर नंबर नऊ निघाला. सतरा कुठेच नाही. थकून लवू आपल्या जागेवर आला, डबा उघडला, आणि चमचा हातातून खाली पडला. तो उचलायला वाकला, तर त्याच्याच टेबलाखाली, त्याच्याच मशीनवर, धुळीत, त्याच्याच वळणदार अक्षरात: सतरा.

लवू वाकलेलाच राहिला. शुक्रवार त्याच्या डोक्यात एकेक पायरी चढत वर आला. दहा. साडेसात. सूप. हिरवी पट्टी. आणि तिच्यावर, सबंध वेळ तिथेच असलेली, ती पिवळी ओळ.

फोन वाजला. सीमा होती.

"डबो खाल्लात काय?"

"नाय. सीमा, एक घोटाळा झालाय." आणि त्याने तिला सगळं सांगितलं.

मग सीमा म्हणाली, "म्हणजे तुमीच चोर, नि तुमीच हवालदार."

"तसंच म्हण."

"आणि पकडलो म्हणान सकाळी मॅडमकडे नाचाक पण तुमीच गेलात."

"तू हसू नको."

"हसतंय खंय? मगे त्या चेडवाचा, त्या जुईचा काय?"

"तेच बघतोय."

"बघू नका. सांगान टाका. नि डबो खावा, भाकरी वातड होतली."

लवूने भाकरी मोडली, पण घास फिरत राहिला. सिस्टिमचा कारभारी तोच. वाटा अनेक होत्या. नोंद पुसता आली असती, पण मेल मॅडमच्या हातात होता. एक क्षणभर त्याला असंही वाटलं, की या मुलीने कधीतरी दुसरं काही लबाडीचं केलंच असेल, म्हणजे थोडी शिक्षा अगदीच वाया जाणार नाही. हे मनात आलं, आणि लवू स्वतःलाच म्हणाला, "वा रे पेडणेकर! काय पण वकिली!" सगळ्यांत सोपी वाट एकच: सिस्टिममध्ये गडबड झाली म्हणायचं. कोणीही मान डोलावली असती. कॉम्प्युटरवर आळ घेतला तर तो उलट बोलत नाही. लवूने ते वाक्य हळू आवाजात म्हणून पाहिलं. "सिस्टिमची गडबड झाली, मॅडम." तोंड कडू झालं. जिने त्याला माणसांत आणलं, जिने चोर अचूक पकडला, तिच्यावरच आळ घ्यायचा? आपण दुसऱ्याच्या शेतात घुसायचं आणि नाव आपल्या मुक्या बैलाचं सांगायचं? स्वतःच्या अब्रूसाठी लवू बरंच काही करायला तयार होता. पण सिस्टिमची अब्रू त्याला स्वतःच्या अब्रूपेक्षा महाग वाटत होती, आणि हे लक्षात आल्यावर तो आणखीनच हतबल झाला.

दुपारी केबिनमध्ये गेला तेव्हा जुई आधीच बसलेली होती. मांडीवर बॅग, आणि बॅगेवर दोन्ही हात घट्ट. रडत नव्हती. चांगली तापलेली होती.

"मॅडम, शुक्रवारी मी गिरगावात घरी होते. मी कोणालाच पासवर्ड दिलेला नाही. आणि मी स्वतःच कळवलं होतं ना! हा माझा मेसेज. आणि हा यांचा रिप्लाय, तो पण वाचा."

मॅडमनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं. "सिस्टिम चुकत नाही. आपला पासवर्ड इतर कोणास..." त्या थांबल्या. "पेडणेकर, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो, मॅडम."

"मशीन सापडलं?"

"सापडलं."

"कोणाचं?"

"माझं."

जुईने मान गर्रकन वळवली. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मशीनवर येऊन कोण बसलं होतं?"

"कोणी नाही. मीच होतो."

मॅडम भल्या बाई. त्यांनी त्याला वाट काढून दिली. "म्हणजे तुम्ही फक्त चित्र बघायला गेलात आणि सिस्टिममध्ये काहीतरी गडबड झाली. असंच ना?"

वाट समोर उघडी होती. लवूने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"नाही, मॅडम. सिस्टिमने बरोबर पकडलं. चित्र बघून झालं होतं. मग मीच गणित सोडवत बसलो, हिच्या नावाने. पाचही वेळा मीच. हिने काहीच केलेलं नाही."

"'तपासा' बटण होतं ना?"

"होतं."

"मग?"

लवूने खाली पाहिलं. "त्याला हिरवी पट्टी येत नाही, मॅडम."

मॅडमनी रुमाल तोंडाशी नेला आणि खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. जुई मात्र हसली नाही.

"एक मिनिट. म्हणजे माझ्या नावावर चार वेळा चुकीचं उत्तर काकांनी टाकलंय? आणि पहिलंच दहा? दहा कोण टाकतं, काका?"

"डबा चांगला दिसला असता," लवू म्हणाला.

"दिसायला कुठे सांगितलंय? किती मावेल ते विचारलंय!"

मॅडम पुन्हा वळल्या तेव्हा चेहरा जागेवर आला होता. "जुई, तुझं नाव यादीतून काढलं. परीक्षेला तू बसणार. पण हे मार्क तुझे नाहीत, ते मी ठेवू शकत नाही. पाच संधी परत देते, आकडे बदलून. मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे, तेव्हा इथेच करून टाक. पेडणेकर, करा."

लवू मॅडमच्या मशीनवर बसला आणि आकडे बदलले. पत्रा सत्तेचाळीसचा आला.

"सत्तेचाळीस?" जुई ओरडली. "काका, माझा मस्त तीस होता हो! सत्तेचाळीसला सहाने भाग पण जात नाही."

"ते मशीन देतं," लवू पुटपुटला. "माझ्या हातात नसतं."

जुईने वही काढली. चार-पाच ओळी लिहिल्या, एक खोडली, पुन्हा लिहिली. कॅल्क्युलेटरला हातही लावला नाही. मग मशीनपाशी येऊन तिने सत्तेचाळीस, मध्ये तिरकी रेघ, आणि सहा, एवढंच टाकलं.

"भागाकार नाही केलास?" लवूने विचारलं.

"कशाला? असंच चालतं."

पट्टी हिरवी झाली. चालतं, हे लवूला माहीत नव्हतं. आणि हेही त्याला तेव्हाच कळलं, की कॅल्क्युलेटर घेऊन टेकडी चाचपत तो या आकड्यापर्यंत जन्मात पोचला नसता. तीसचा पत्रा त्याच्या नशिबाने आला होता, डोक्याने नव्हे.

"तो तिसरा मजकूर काढून टाका, पेडणेकर," मॅडम म्हणाल्या.

"काढतो, मॅडम."

"आत्ता."

त्याने काढला. केवढ्या मेहनतीने जुळवलेला मजकूर, एका बोटाने गेला. "आणि यापुढे," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही ज्या दिवशी कोणाच्या नावाने आत जाल, त्या दिवशीचं तुमचंही नाव सोमवारच्या मेलमध्ये आलं पाहिजे. तशी सोय करा. तुम्हाला जमतं."

"जमतं," लवू म्हणाला. सोय करणं त्याला खरंच जमत होतं.

जुईने वही बॅगेत कोंबली आणि निघाली. दाराशी गेली आणि वळली. राग जरा निवला होता, त्याच्या जागी नुसतं कुतूहल होतं.

"काका, खरं सांगा. चार वेळा लाल आलं. पाचव्यांदा बटण दाबताना भीती नाही वाटली? मला तर दुसऱ्याच लालला घाम फुटतो."

लवूने विचार केला. आज दिवसभर तो खरंच बोलत आला होता, तेव्हा याचंही त्याने खरं उत्तर दिलं.

"नाही गं. भीती कसली? माझं नाव कुठे लागलं होतं त्याला?"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. लवूने मॅडमच्या टेबलावरचा माऊस उचलला, सरळ करून ठेवला, आणि तो सरळच होता हे दिसत असूनही पुन्हा एकदा सरळ केला.